गिऱ्हाईक आहे, मालच नाही

खिशात मावणारा आणि केवळ गाणी वाजवणारा छोटा म्युझिक प्लेअर आता कालबाह्य झाला, असे सर्रास म्हटले जाते आणि पुरावा म्हणून ॲपलच्या आयपॉडकडे बोट दाखवले जाते. पुरावा खोटा नाही. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ५ जीबीची हार्डडिस्क असलेला पहिला आयपॉड आला, २००८च्या आर्थिक वर्षात त्याची विक्री साडेपाच कोटी नगांच्या जवळ पोहोचली आणि त्यानंतर ती उतरणीला लागली. जुलै २०१७मध्ये नॅनो आणि शफल ही सर्वांत लहान दोन मॉडेले बंद झाली आणि मे २०२२मध्ये उरलेला आयपॉड टचही थांबवत असल्याचे कंपनीने जाहीर केले. पण एका कंपनीने आपले महागडे यंत्र बंद केले म्हणजे त्या यंत्रामागची गरजच संपली, हा निष्कर्ष मला मान्य नाही. निदान खानदेशात तरी ही गरज रोज डोळ्यांसमोर दिसते. फक्त बाजाराच्या वहीत ती दुसऱ्याच नावाने मांडली जाते आणि त्यामुळे त्या यंत्राचा दर्जा, त्याची दुरुस्ती आणि त्यात भरायची गाणी या तिन्हींची जबाबदारी कोणीच घेत नाही.

रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा घ्या. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, एक पाळी दिवसाची तर दुसरी रात्रीची, आणि रात्रीच्या पाळीत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला शेतकऱ्याला किंवा सालदाराला बागेत जावेच लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी बिबट्याची भीती असते, रानडुकरे असतात, आणि माणूस एकटा असतो. अशा वेळी शर्टाच्या वरच्या खिशातला बटणांचा मोबाइल मोठ्याने गात असतो. त्यात पुष्कळदा सिम कार्डही नसते. फोन म्हणून तो केव्हाच निकामी झालेला असतो, पण मेमरी कार्ड आणि स्पीकर चालतो म्हणून तो जपलेला असतो. दिवसा केळीची पिलं कापताना हाताला चीक लागतो. तो वाळून बोटांवर काळा थर बसतो आणि मग टच स्क्रीनला बोट कळेनासे होते. बटण मात्र दाबले जाते. अंधारात, खिशातून बाहेर न काढता, अंगठ्याने चाचपून पुढचे गाणे लावता येते. शहरातल्या माणसाला ही सोय किरकोळ वाटेल, पण यंत्राचे मोल ठरते ते ज्या हातांनी ते वापरायचे त्या हातांवरून.

कापसाच्या वेचणीला गेलेल्या बायका बांधावरच्या निंबाला छोटा स्पीकर अडकवतात. त्याला ब्लूटूथ असते, पण चालतो तो बहुधा कार्डावर, कारण मोबाइल घरी मुलाकडे असतो. धडगाव-मोलगीकडच्या घाटातून जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये पेनड्राइव्ह लावलेला असतो, कारण वळणावळणाला नेटवर्क जाते. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये पावरी आणि भिलोरी या आदिवासी बोलींतली गाणी आधीच भरलेली असतात, ऐनवेळी शोधून ती तिथे मिळणार नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक असते. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवात घराघरांत जी गाणी लागतात तीही बहुतेक कार्डावरचीच. हे सगळे लोक छोट्या म्युझिक प्लेअरचे ग्राहक आहेत. पण विक्रीच्या आकड्यांत त्यांपैकी पहिला 'फीचर फोन'चा ग्राहक, दुसरी 'ब्लूटूथ स्पीकर'ची आणि तिसरा 'कार स्टिरिओ'चा ठरतो. म्युझिक प्लेअरच्या रकान्यात शून्य येते आणि ते शून्य पाहून कारखानदार म्हणतो की मागणी नाही.

मागणी आधी मोजायची आणि मग माल काढायचा, ही पद्धत या यंत्राच्या बाबतीत सुरुवातीपासून फसलेली आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनीने वॉकमन बाजारात आणला तेव्हा तो ध्वनिमुद्रण करत नव्हता, आणि टेप न करणारा टेपरेकॉर्डर कोण विकत घेईल, अशी शंका कंपनीतल्याच लोकांना होती. पहिले तीस हजार नग दोन महिन्यांत संपले. आपल्याकडे याच धर्तीची घटना २०१७ साली घडली. फोनवर सगळे फुकट मिळत असताना सारेगामा कंपनीने पाच हजार गाणी आधीच भरलेला, रेडिओच्या रूपाचा 'कारवां' ५,९९० रुपयांना काढला आणि तो लाखोंच्या संख्येने खपला. तो कोणी घेतला? मुलांनी आईवडिलांसाठी घेतला. ॲप उघडणे, पासवर्ड, जाहिराती, अपडेट यांपैकी काहीही नको असलेला, पण गाणे हवे असलेला एक मोठा वर्ग या देशात आहे, हे त्या विक्रीने सिद्ध केले. कारवांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मूळ कारवां खिशात मावत नाही, आणि त्यात आधीच भरलेली गाणी एकाच कंपनीच्या संग्रहातली. अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी या इथल्या बोलींतली गाणी ऐकणाऱ्याला पुन्हा पेनड्राइव्हच शोधावा लागतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की मोबाइल घरात आहेच, त्याचा रिचार्ज भरलेलाच आहे, मग गाण्यासाठी वेगळे यंत्र हा उधळेपणा नाही का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात हजार रुपयेही विचार करूनच खर्च होतात. म्हणून हिशेब नीट मांडला पाहिजे. जुलै २०२४मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. दिवसाला दीड जीबी देणारा, २८ दिवसांचा २३९ रुपयांचा एक लोकप्रिय पॅक २९९ रुपयांचा झाला. वर्षाला तेरा वेळा तो भरायचा म्हणजे ३,८८७ रुपये, आणि तेही एका माणसाचे. ज्या घरात चार माणसे आहेत तिथे चौघांचाही डेटा भरला जात नाही. तो एकाचा भरला जातो, आणि ज्याचा भरला तो सकाळी फोन घेऊन धुळ्याला किंवा जळगावला कॉलेजला किंवा कामाला निघून जातो. घरात गाणे नाही, असा याचा अर्थ होतो, आणि त्याची झळ सर्वांत जास्त म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना बसते. एरवी केवळ बोलण्यापुरता फोन वापरणाऱ्यांसाठी डेटा नसलेले स्वस्त पॅक असावेत, असा आदेश दूरसंचार नियामकाला डिसेंबर २०२४मध्ये काढावा लागला, यावरूनही डेटाबाहेरचे ग्राहक किती आहेत याचा अंदाज यावा.

डेटाचे गणितही पाहण्यासारखे आहे. १२८ केबीपीएस या साधारण दर्जाच्या एमपी३ गाण्याला तासाला साधारण ५८ एमबी लागतात. पण अहिराणी गाणी ऐकायची तर लोक यूट्यूबवर जातात, आणि तिथे गाण्याबरोबर चित्रही येते. त्यात तेच तासभराचे ऐकणे कितीतरी पट डेटा खाते. उलट ३२ जीबीच्या कार्डावर त्याच दर्जाची, चार मिनिटांची आठ हजारांच्या आसपास गाणी बसतात आणि ती हजार वेळा ऐकली तरी एक पैसा जास्त लागत नाही. १९९८ साली डायमंड कंपनीचा रिओ हा प्लेअर आला तेव्हा त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे या दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. आज साध्यातल्या साध्या कार्डात त्याच्या हजारपट जागा आहे. साठवणूक इतकी स्वस्त झाल्यानंतर लोकांना साठवण सोडून डेटाच्या नळाला तोंड लावून बसायला सांगणे, हे ग्राहकाच्या हिताचे आहे असे मला वाटत नाही.

पैशांपेक्षाही मोठा मुद्दा गाणे कोणाच्या ताब्यात आहे हा आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान काढले होते. तिथे एमपी३ फाइल विकत मिळायची, ती आपली व्हायची आणि कुठल्याही यंत्रात घालता यायची. जून २०१३मध्ये ते बंद झाले. तरीही ज्यांनी गाणी विकत घेऊन उतरवून ठेवली होती त्यांची गाणी शाबूत राहिली. पुढे ॲपचा जमाना आला. २०२२मध्ये गाना हे ॲप केवळ वर्गणीदारांपुरते झाले, जानेवारी २०२४मध्ये रेसो भारतातून गेले, त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचे जाहीर केले. बंद झालेल्या ॲपमध्ये 'डाउनलोड' म्हणून जपलेली गाणी ॲपबरोबरच गेली. वर्षानुवर्षे एकेक गाणे निवडून लावलेली यादी ही ऐकणाऱ्याची मेहनत असते. दुकान बंद पडले म्हणून गिऱ्हाइकाच्या घरातली भांडी कोणी उचलून नेत नाही. गाण्यांच्या बाबतीत मात्र तेच झाले आणि त्याबद्दल फारसा आवाजही उठला नाही. छोट्या प्लेअरमधले गाणे कोणा कंपनीच्या निर्णयाने रात्रीतून नाहीसे होत नाही. त्या यंत्राचे खरे मूल्य मी यातच मानतो.

बोलीभाषांच्या दृष्टीने तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा आहे. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा ध्वनिमुद्रणावरची एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि गावोगावच्या बोलींतली, जत्रांतली, देवाधर्माची गाणी मोठ्या प्रमाणावर विक्रीला आली. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे त्या कंपनीला पटले पाहिजे, आणि त्या कंपनीला अहिराणीत गिऱ्हाईक दिसत नसे. कॅसेटने ते गिऱ्हाईक दाखवून दिले. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीच्या ठिकाणी कॅसेटची दुकाने लागत, लोक उभ्याउभ्या ऐकून पाहत आणि घेऊन जात. आज अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर प्रचंड श्रोते आहेत, याचा मला आनंदच आहे. पण तिथे नवे आणि नाचायला लावणारे गाणे वर येते. लग्नातली हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, कानबाईची मोठी गाणी खाली दबतात, आणि काय पुढे आणायचे हे यंत्रणा ठरवते. कार्डावर मात्र आजी सांगेल ते गाणे पहिले असते.

आता या व्यवहाराची दुखरी बाजू. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात संगणकावर 'अहिराणी', 'कानबाई', 'भीमगीते', 'जुनी हिंदी', 'डीजे' असे फोल्डर करून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक सांगते आणि दुकानदार थोडे पैसे घेऊन कार्ड भरून देतो. त्यातले एकच गाणे चार नावांनी चार वेळा असते, काहींना नावच नसते, काही इतकी दाबून लहान केलेली असतात की ढोलकीचा नुसता खरखराट ऐकू येतो. आणि गायकाला, गीतकाराला, वादकाला यातून एक रुपयाही जात नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ने स्वतःच्या खासगी वापरासाठी काही मोकळीक ठेवली आहे, पण पैसे घेऊन दुसऱ्याला गाणी भरून देण्याचा धंदा तिच्यात बसत नाही. दुकानदाराला चोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रश्न असा आहे की ज्याला पैसे देऊन, पावती घेऊन, दोनशे अहिराणी गाण्यांचे कार्ड हवे आहे त्याने जायचे कुठे? त्याला रास्त मार्गच नाही. रिओ प्लेअरवर अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला होता, आणि १९९९मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने आपल्याजवळचे गाणे आपल्या छोट्या यंत्रात घालणे हा वैयक्तिक वापर मानला. त्यानंतर गाणी विकणारी रीतसर दुकाने उभी राहिली आणि लोकांनी त्यांत पैसे मोजले. पैसे द्यायला लोक तयार नसतात, हा समज तेव्हाही खोटा ठरला होता.

यंत्राची स्थिती याहून बरी नाही. बाजारात आज दोनच टोके आहेत. एका टोकाला सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६सारखा वॉकमन, जो २०२३मध्ये भारतात पंचवीस हजारांच्या वर किंमत घेऊन आला. दुसऱ्या टोकाला शफलच्या आकाराची नक्कल केलेले, चिमट्याने सदऱ्याला अडकवायचे निनावी प्लेअर, जे काही महिन्यांत मान टाकतात. मधल्या जागेत, म्हणजे हजार-दीड हजार रुपयांत, चांगला माल नाही. आणि तो बनवणे अवघड आहे असेही नाही. एमपी३चे पेटंट हक्क संपले आणि २०१७मध्ये हे तंत्र विकसित करणाऱ्या जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने त्याचा परवाना देणेही थांबवले, त्यामुळे त्या तंत्रासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नाही. चिप स्वस्त आहेत, कार्डे स्वस्त आहेत. हवे आहे ते इतकेच: मोठी, वेगवेगळ्या आकाराची बटणे, उन्हात वाचता येईल असा पडदा, देवनागरी अक्षरे नीट दाखवण्याची सोय, कारण आजच्या स्वस्त प्लेअरमध्ये मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन उमटतात, हेडफोनची साधी पिन, एफएम, म्हणजे आकाशवाणीही ऐकता येईल, आणि बंद करून पुन्हा लावल्यावर गाणे जिथे थांबले तिथूनच सुरू होणे. कीर्तन किंवा पारायण ऐकणाऱ्या माणसासाठी ही शेवटची सोय नसेल तर ते यंत्र निरुपयोगीच, कारण दोन तासांच्या कीर्तनात पुन्हा मधली जागा शोधणे त्याला जमत नाही.

बॅटरीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. या यंत्रात बाकी काही बिघडत नाही, बॅटरी फुगते किंवा उतरते आणि मग सबंध यंत्र कचऱ्यात जाते, कारण ती आत चिकटवलेली असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे, असा नियम केला आहे. आपल्याकडेही दुरुस्तीच्या हक्काची चर्चा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२पासून सुरू केली आहे. बटणांच्या मोबाइलची बॅटरी मागचे झाकण काढून नखाने उचलता येते आणि कुठल्याही बाजारगावात नवी मिळते. तीच बॅटरी प्लेअरला चालली पाहिजे, एवढी एक अट घातली तरी यंत्राचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढेल. आवाजाची मर्यादाही हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित पातळी सांगितली आहे. निनावी प्लेअरमध्ये अशी कुठलीही मर्यादा नसते आणि कानात कोंबलेल्या स्वस्त इअरफोनमधून तो किती मोठ्याने वाजतो याची वापरणाऱ्याला कल्पनाही नसते.

हे कोणी करायचे? यंत्राचे काम कारखानदाराचे, आणि त्याला गिऱ्हाईक दाखवण्याचे काम आपले. शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट यांच्यामार्फत एकगठ्ठा मागणी नोंदवली तर पाच-दहा हजार नगांची ऑर्डर उभी राहणे कठीण नाही. गाण्यांच्या बाबतीत जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६४पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क २०२४ संपताना संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, पण पारंपरिक लोकगीताला तसा कोणी एक कर्ता नसतो. असे जुने लोकसंगीत शोधून, स्वच्छ करून, गाण्यांना नीट नावे देऊन कोणालाही उतरवून घेता येईल असे ठेवणे विद्यापीठाला शक्य आहे. जोडीला आज हयात असलेल्या बायकांकडून कानबाईची, हळदीची आणि जात्यावरची गाणी, त्यांच्या संमतीने आणि मानधन देऊन, नव्याने ध्वनिमुद्रित करता येतील. त्या सत्तरीपुढच्या आहेत, हे लक्षात घेतले तर यात दिरंगाई परवडणारी नाही.

आजच्या अहिराणी कलावंतांनी मात्र वाट पाहायचे कारण नाही. स्वतःच्या गाण्यांचे कार्ड, वर नाव आणि किंमत छापून, यात्रेत आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी विकायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. मात्र त्यासाठी हक्क स्वतःजवळ असले पाहिजेत. कित्येक जण पहिल्या गाण्याच्या आनंदात चॅनेलवाल्याने पुढे केलेल्या कागदावर सही करून बसतात. त्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा दुसऱ्याला लिहून देता येत नाही, दिला तरी तो कायद्याने टिकत नाही. आणि हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. ज्यांच्या कागदावर मुदतीचा रकाना कोरा आहे आणि पाच वर्षे उलटली आहेत, त्यांनी तो कागद घेऊन वकिलाकडे जावे. आपली गाणी कार्डावर घालून विकण्याचा हक्क कदाचित त्यांच्याकडे परत आलेलाही असेल.